रविवारी गाडी आणू नका

भोसरी,
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

आबाजी भाऊजींना,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, असं समजा. सासूबाईंची बीपीची गोळी फ्रीजवरच्या डब्यात आहे, ती सकाळी न चुकता द्या. बैल बरे असतीलच. त्यांच्या दिमतीला कुरुळीत माणसं कमी नाहीत.

पत्र बघून तुम्हाला हसू येईल. पण फोन केला की तुम्ही स्पीकर लावता आणि ओट्यावरची चार डोकी माझं बोलणं ऐकतात. मेसेज केला तर तासाभरात भावकीच्या ग्रुपवर जातो. म्हणून कागद. ज्योतीराममामांच्या हाती बंद पाकिटात देतेय, एकट्यानं वाचा.

मुद्दा एकच आहे. कुलदीपला दवाखान्यातून न्यायला रविवारी गाडी आणू नका. (नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून सासूबाई तोंड वाकडं करतात, तेवढं चालवून घ्या.)

तुमचा तो डोंगरातला हाडवैद्य एका हिसक्यात मान बसवतो, हे तुम्ही अख्ख्या वॉर्डाला ऐकवून गेलात. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या कोंडाजीची मान त्यानंच बशिवली, दुसऱ्या दिशी कडब्याच्या पेंढ्या उचलीत हुता.” कोंडाजीची मान लचकली होती. कुलदीपच्या मानेचा मणका मोडलाय आणि आतला मज्जारज्जू त्याखाली दबलाय. डाव्या पायाच्या अंगठ्याला कापूस लावला की त्याला अजून कळतं. आमच्याकडे आशा आहे ती एवढ्या अंगठ्यापुरती. हिसका बसला तर ती जाईल, आणि इजा वर सरकली तर श्वासही जाईल. डोक्यातही थोडं रक्त साकळलंय. ते वाढत नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी ऑपरेशन मंगळवारवर ठेवलंय. तुम्ही त्याला टाइमपास म्हणालात.

आता शर्यतीच्या घाटातलं. मी तिथं नव्हते, पण कोंडाजीच्या मोबाईलवर सगळं आहे आणि मी ते नको तितक्या वेळा बघितलंय. तुमचे बैल चढ चढून आले, त्यांच्यापुढं पळायला कुलदीप घोडीवर. निशाण ओलांडल्यावर घोडी अडखळली आणि तो डोक्यावर पडला. मिनिटभर हालचाल नाही. मग डोळे उघडून त्यानं विचारलं, “दादा, बारी बसली का?” बसली होती, तुमच्या बैलांची धाव पहिल्या नंबरात आली होती. आणि तुम्ही लोकांनी काय केलंत, तर त्याला खांद्यावर घेतलंत. भंडारा उधळत, हलगीच्या तालावर, मान एका बाजूला लोंबत असलेल्या माणसाला नाचवलंत. तो म्हणत होता, हाताला मुंग्या येतायत. व्हिडिओत ते स्वच्छ ऐकू येतं. खाली घेतला तेव्हा पाय उचलत नव्हते.

पडलेला माणूस बोलतो म्हणजे बरा आहे, हे तुम्हाला कुठल्या शाळेत शिकवलं? मी तुमच्याच चाकणच्या कंपन्यांमध्ये जाऊन शिकवते की पडलेल्याला उचलू नका, बसवू नका, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवा, चौघांनी मिळून फळीवर घ्या. जानेवारीत कुलदीप स्वतः माझ्यासमोर पेशंट बनून फरशीवर झोपला होता आणि गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. ती फळी घेऊन अँब्युलन्स घाटाखाली उभी होती. तिच्यापुढं तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या आडव्या होत्या.

हे सगळं मी तुम्हाला दवाखान्याच्या दारात सुनावलं आहे. ‘भावाच्या मानेवर ट्रॉफी घेतलीत,’ असंही म्हणाले, सासूबाईंसमोर. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. तुम्हाला उलटून बोलता आलं असतं, तरी बोलला नाहीत. त्याचाच मला जास्त संताप आला.

कारण तुम्ही मला फोन केला होता. “सादना, त्यो बोलतुया, पन पाय हालवीना. अँब्युलन्स आडाकलीय, अर्धा तास लागंल म्हनत्यात. काय करू?” असं तुम्ही मला विचारलंत. घाटात तेव्हा शहाणपणाचा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच होता. आणि वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली मी म्हणाले, वाट कशाला बघता, गाडीत बसवा आणि आणा माझ्याकडे. बसवा म्हणाले. झोपवा, हलवू नका, गाड्या ढकलून रस्ता करा, यातलं काही तोंडातून निघालं नाही. मागून त्याचा आवाज ऐकू आला आणि माझं शिकलेलं सगळं पाण्यात गेलं. सकाळी त्यानं घोडीवर बसण्यावरून आमचं भांडण झालं होतं. तो माझ्या डोळ्यांसमोर आला की मी बघून घेते, एवढाच माज तेव्हा डोक्यात होता. आमच्यापर्यंत येईस्तोवर दंडाखालचे हातही ढिले पडले होते.

डॉक्टरांनी विचारलं, याला बसवून कुणी आणलं? तुम्ही म्हणालात, “म्या आनलं, माझीच अक्कल.” मी मानेचा पट्टा हातात धरून शेजारी उभी होते आणि गप्प बसले.

तेवढ्यावर थांबला असतात तर मी जन्मभर तुमच्या पाया पडले असते. पण काल जिन्यात गाठून हळूच म्हणालात, “म्या कुनाला सांगितलं न्हाई, सांगनार बी न्हाई. आता हाडवैद्याचं तू बी आडवं येऊ नगं.” देवळात नारळ द्यावा आणि लगेच कौल मागावा, तसं. माझ्या चुकीच्या बदल्यात त्याची मान मागत होता तुम्ही.

म्हणून आज सकाळी मी कुलदीपला सगळं सांगितलं. तुमच्या हातात आता काही उरलं नाही.

त्याला मान वळवता येत नाही, म्हणून छताकडे बघत ऐकलं. रडला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, “म्हणजे तुझं ऐकून दादानं मला बसवलं. मग आत्ता हाडवैद्याकडं जाऊ नको म्हणतेस, ते तरी खरं कशावरून?” हजार कामगारांना शिकवलेलं माझ्या नवऱ्याला पटवता आलं नाही. मी डॉक्टरांना बोलावलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांनी फिल्म दाखवून अर्धा तास समजावलं. पेन धरता येत नाही, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर त्याचा अंगठा टेकवून घेतला. तोही दुसऱ्या सिस्टरनं.

मग मी आत गेले. तो म्हणाला, मंगळवारी आत नेताना दादा पाहिजे, तू नको.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. रविवारी गाडी आणलीत तर वॉर्डाच्या दारात आडवी पडेन. पण मंगळवारी सकाळी सात वाजता या. एकटे या. त्याच्या डोक्याशी उभे राहा, छातीवर हात ठेवा, तिथं त्याला स्पर्श कळतो. मान मात्र हलवू नका.

मी खाली असेन, कॅज्युअल्टीत. ड्युटी लावून घेतली आहे.

तुमच्या धाकट्या भावाची बायको, अजून तरी,
साधना