नाक्यावरच्या घरातला अंधार

८ फेब्रुवारी
आलो एकदाचे. खापरच्या बाजारातलं दुकान दिरावर सोपवून मी आणि जिनेश या दगडी घरकुलात. संस्थानी काळातलं जकातनाकं. एकच खोली, पुढे ओटा, भिंती मात्र हातभर जाड. डागडुजी करून इथंच राहायचं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या दोघांचंच घर. मला तर रडूच आलं. जिनेश हसला, मग त्याचेही डोळे भरले.

११ फेब्रुवारी
रूपसिंग गवंडी दगडांतल्या फटी चुन्यानं भरतोय. ओट्यावर दाराजवळ कोनाडा आहे, त्यात घर विकणाऱ्या प्रमिलाबाई रोज दिवा लावायच्या. जाताना मलाही बजावून गेल्या, "गोखलामा दिवा लावजो, माय." कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नाही, सासू लावायची म्हणून त्या. कोनाड्यात जळक्या पतंगांचा हा खच. आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणारी. रोज जीव जाळायचे होय? कोनाडाच बुजवून टाकला. रूपसिंग कुरकुरला. मी म्हटलं, गुमान काम कर.

१५ फेब्रुवारी
घरात लवकर अंधारतं. बाहेर लख्ख ऊन, आत तिन्हीसांज. बल्ब पेटतो, उजेड पडत नाही. अंधारात जेवायचं कसं? ताटं ओट्यावर आणली. जिनेशनं थट्टा केली.

१८ फेब्रुवारी
भर दुपारी आत काळोख. रूपसिंग यायचा बंद झाला. जिनेश थापी आणायला आत गेला तो येईचना. हाक मारली तर ओ आली, पण चार शेतं ओलांडून यावी तशी. एवढ्याशा खोलीत? आला तेव्हा घामाघूम. दारच सापडत नव्हतं म्हणाला. त्याचा हात धरून बसलेय, सोडवत नाही.

१९ फेब्रुवारी
घर सोडायचं ठरलं. गाडीची किल्ली आत. नको नको म्हणत होते — जिनेश आत गेला. आलाच नाही.
कोनाडा फोडला. दिवा लावला. ज्योत जळते, उजेड नाही. गावातली माणसं आली, उंबऱ्यावरूनच परत फिरली.

२० फेब्रुवारी
ओट्यावरच आहे. तो हाक मारतो, मी ओ देते. माझ्या आवाजाच्या रोखानं तो चालतोय. जवळ आलाय. मी बोलत राहायचं, बस.

२१ फेब्रुवारी
घसा पार बसला. त्यानं विचारलं, अल्पना, जेवलीस का. मी तोंड उघडायच्या आत — आतूनच उत्तर गेलं. माझ्या आवाजात. जेवले म्हणे, ये इकडे.
तो हसला. पावलं वळली —
ती मी नाही. ओरडतेय, नुसती घरघर निघते —
बाहेर कोण आहे, जिनेशनं तिला विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली. मग दार लावून घे, म्हणाला तो. माझा जिनेश —
दार आतून —