धुण्याच्या दगडाचं तोंड

अप्पा, तू कमठाण्याच्या विहिरीवरून नेलेला धुण्याचा दगड सापडला. सगळाच्या सगळा आहे, फुटलेला नाही. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. तुला लांबण लावलेलं कधी खपलं नाही.

मी अजून नौबादलाच आहे. परवा शेळी दावं तोडून पळाली, म्हणून मी आणि नात तिच्यामागं निघालो. गावाबाहेर सरकारनं जुन्या कोरीव दगडांची एक बाग केली होती. तारेचं कुंपण घातलं, सिमेंटचे बाक केले, पाटी लावली, आणि सरकार विसरून गेलं. आता आत वेड्या बाभळी माजल्यात. देव, हत्ती, नंदी कमरेएवढ्या गवतात उभे, जत्रेत चुकलेल्या माणसांसारखे. फाटकाशी एक म्हातारा राखणदार खाटेवर बसलेला. म्हणाला, "अम्मा, अंदर नक्को जाव, सांप हैं." मी म्हटलं, "सापाला सांग, म्हातारी यायलीय. तोच जाईल बाजूला."

शेळी एका बाईच्या पायाशी पाला खात होती. काळ्या दगडाची बाई, हातात आरसा, पाखरांनी डोकं घाण केलेलं. मी शेळीचा कान धरला, बाईच्या मागून वळले आणि थांबले. तिच्या पाठीत खळगा होता. खांद्यापासून कमरेपर्यंत, गुळगुळीत. असा खळगा कोरणारा पाडत नाही, अप्पा. तो धुणं आपटून आपटून बायका पाडतात. मी गुडघ्यावर बसले आणि खालचं गवत उपटलं. तिला बसवलेल्या बैठकीच्या दगडावर टाकीचे घाव होते, आणि ते उलटे झुकलेले होते. तू डावखुरा. तुझ्या हातच्या जात्यावर दळता दळता मी मोठी झाले. ते उलटे घाव मला अंधारात बोटाला कळतात.

नात म्हणाली, "आज्जी, काय हुडकायलीस?"

"माझा बाप."

"शेळी हुडकायला आलतो की आपण!"

मी लहान, आपण अजून कमठाण्यातच. एक जीप येते ती दुपारची. मैसूर राज्य नवं नवं झालेलं. आपण नुकतीच दीक्षा घेतलेली, आईनं देव्हाऱ्यातले देव नाल्याला सोडून दिलेले. जीपमधला साहेब लांबच्या दक्षिणेकडचा, त्याची कानडी आपल्या गावच्या कानडीवाल्यांनाही नीट उमगत नव्हती. तो तुझ्याकडं हात करतो, विहिरीकडं हात करतो, काहीतरी ओरडतो. दुसऱ्या दिवशी तू पहार आणि दोर घेऊन निघतोस. गाव रानात असताना दगड गाडीत चढतो आणि तू गाडीबरोबर बीदरला जातोस. चार दिवसांनी परत येऊन आईला सांगतोस, "बाई हाय गं ती. आरशात बघायलीय. पालथी पडलेली म्हून कळलं न्हाई. आपण सगळ्यांनी तिच्या पाठीवर धुणं आपटलं."

तेवढ्यात गावात काय झालं होतं ते तुला ठाऊकच आहे. होता तोवर तो धुण्याचा दगड होता. गेला तशी त्याची देवी झाली. "ह्यांनी आपले देव सोडले, आता आमचा फोडला. दळायची जाती केली असतील तिची." तू सांगितलंस, सरकारनं नेला. तर शेजारची बाई काय म्हणाली? "कामून? सरकारला धुणं धुवायचंय व्हय?" सगळा गाव हसला. आणि त्यातच तो शब्द आला, कळ्ळ. कानडीत चोर. साहेबानंच म्हणे तुला दारात उभं करून कळ्ळ म्हटलं. मग काय, साहेबाची साक्ष. जात्याला टाकी लावायला तुला कुणी बोलवेना. "कळ्ळाच्या हातचं पीठ नको." पाव्हण्यारावळ्यांतही तेच नाव. शेवटी तू आम्हाला घेऊन नौबादला आलास आणि रस्त्याची खडी फोडत बसलास, छाती धुळीनं भरेपर्यंत. आईनं तो शब्द शेजारणीनंच उठवला असं धरलं, आणि मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

एकदा मी तुला विचारलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं, तू जेवत होतास. "अप्पा, खरं सांग, फोडलास का?" तू मान वर न करता म्हणालास, "फोडल्या दगडाचे तुकडे ऱ्हातेत. तुकडे दाव मला." आणि हात धुवून उठलास. भाकरी तशीच. मला ते उत्तर निरपराध माणसाचं वाटलं नाही, हुशार माणसाचं वाटलं. तेव्हापासून मी अर्धी तुझ्या बाजूनं आणि अर्धी गावाच्या. तू गेलास तेव्हाही अर्धीच रडले.

परवा ती अर्धी पण तुझी झाली. जात्यातला खडा निघाल्यावर कसं ते हलकं फिरतं, तसं झालं बघ. मी तिथंच गवतात बसून हसले. राखणदार लांबून ओरडला, "अम्मा, सांप काटा क्या?"

नात बैठकीवर रंगानं लिहिलेलं वाचत होती. ती कानडी शाळेत आहे. माझी मराठी शाळा कानडी झाली आणि दुसरीतच मी घरी बसले. "आज्जी, हितं कल्लु लिवलंय आणि नंबर. कल्लु म्हंजे दगुड. दगडावर दगुड म्हून कामून लिवायचं? दिसतंय की!"

पुढच्या बाजाराला मी कमठाण्याला जाणार आहे. शेजारीण अजून जिवंत आहे, बहिरी झालीय, पण डोळे शाबूत आहेत. तिला आणि आणखी दोघी-चौघींना आणून त्या पाठीवरून हात फिरवायला लावणार आहे. आपलं धुणं त्यांना ओळखता येईल.

आता एक राहिलं. साहेब त्या दुपारी कल्लु, कल्लु म्हणत होता. दगड कुठाय, एवढंच विचारत होता. मला तेव्हा कानडीतल्या शिव्या तेवढ्या येत होत्या, साधे शब्द येत नव्हते. मी विहिरीवर पळाले आणि धुणं धुणाऱ्या सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं, "साहेब आमच्या अप्पाला कळ्ळ म्हणायलाय!" शेजारीण त्या दिवशी विहिरीवर नव्हतीसुद्धा. लग्नानंतर कानडी आली तेव्हा मला हे कळलं, आणि तू तेव्हा जिवंत होतास. तोंड उघडलं नाही. शेजारणीची माफी मी मागणार नाही, तिनं बाकीचं पुष्कळ बोललेलं आहे. तुझी मागायला हवी होती.

हा कागद कुठं टाकायचा, तुला कुठला पत्ता. तुझं जातं फरशीवर एका बाजूनं डगमगतंय. चार घड्या घालून त्याच्याखाली सारते.