मास्तरांचा कॉलम

४ जानेवारी
बिग डेटा आणि बिझनेस अॅनालिटिक्सचा संध्याकाळचा कोर्स आजपासून सुरू. वर्गातला सर्वांत अनुभवी विद्यार्थी मीच. बायकोच्या मते 'सर्वांत म्हातारा'. तेच ते. संकल्प: रोज पहाटे उठून एक तास पायथन.

५ जानेवारी
पहाटे जमलं नाही. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा जरा कजाग आहे. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा चुकली तरी रुसून बसते. रविवारी मनवू.

११ जानेवारी
सर वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, डेटा आधी साफ करा, तपासा, आठवडा गेला तरी चालेल, मगच चार्टला हात लावा. हे नवशिक्यांसाठी असावं. मी परचेस खात्यात आहे, आयुष्य आकड्यांतच गेलं. पायथन तूर्त स्थगित. एक्सेलमध्येही सगळं होतं.
ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'इनसाइट' हा शब्द दोनदा वापरला. एकदा बरोबर जागी.

१९ जानेवारी
प्रोजेक्टसाठी खऱ्या धंद्याचा डेटा हवा. ताईचं ड्रायव्हिंग स्कूल आहेच. तिला म्हटलं, तुझ्या धंद्याचा कायापालट करून देतो. ती म्हणाली, "आधी माझं वॉशिंग मशीन परत जोडून दे." तो विषय वेगळा. शेवटी फाइल दिली. शिकायला आलेला प्रत्येक माणूस, परीक्षेची तारीख, कोणी शिकवलं, पास की नापास. ओळी संपता संपत नाहीत. बिग डेटाच म्हणायचा.

२३ जानेवारी
शिकवणाऱ्यांची नावं फाइलभर विखुरली होती. कसला गबाळेपणा. तेवढा कॉलम निवडला आणि अक्षरांच्या क्रमाने लावला. मध्येच एक्सेलने विचारलं, शेजारचे कॉलमही सोबत हलवायचे का. मी 'नको' म्हटलं. शेजारच्यांचा काय संबंध.
निष्कर्ष धक्कादायक. सर्वांत जास्त नापास मास्तरांचे. मास्तर म्हणजे ताईकडचे सर्वांत जुने शिक्षक. स्कूल सुरू झालं तेव्हापासूनचे. मलाही गाडी त्यांनीच शिकवली. ५२.३८ टक्के नापास. टिंबापुढचे आकडे मुद्दाम ठेवले. वजन येतं.

२६ जानेवारी
ताईला चार्ट दाखवला. मास्तरांचा खांब लाल केला होता. तिने कागद जवळ ओढला. म्हणाली, "मास्तरांचे? नक्की?" मी म्हटलं, "ताई, माणूस आपल्या जवळचा असला की आपल्याला दिसत नाही. डेटाला सगळे सारखे." वाक्य आयत्या वेळी सुचलं. चांगलं होतं.
मास्तरांनाही आत बोलावून दाखवलं. पारदर्शकता हवी. त्यांनी चष्मा लावला, लाल खांबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मी का?" हो म्हटलं. "बरं," म्हणाले आणि गाडीची किल्ली ताईच्या टेबलावर ठेवली. ती कोणी मागितली नव्हती.

२ फेब्रुवारी
ताईने मास्तरांना तात्पुरतं ऑफिसात बसवलंय, फोन घ्यायला. माझ्या अभ्यासाचा पहिला प्रत्यक्ष परिणाम. वर्गात सांगितलं. सर म्हणाले, याला इम्पॅक्ट म्हणतात.

९ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन. टाळ्या. ए ग्रेड. मास्तरांचं नाव घेतलं नाही, 'मिस्टर एक्स' म्हटलं. नीतिमत्ता म्हणून काही असते.
बायकोला ग्रेड दाखवली. तिने विचारलं, "मास्तर काय म्हणाले?" काही नाही म्हटलं. ती म्हणाली, "काहीच का नाही म्हणाले, तेच विचारतेय."

१६ फेब्रुवारी
आज सरांनी घोडचुका शिकवल्या. पहिलीच: एकच कॉलम सॉर्ट करणं. नावं हलतात, निकाल जागेवर राहतात, म्हणजे एकाचं नापास दुसऱ्याच्या माथी. सर म्हणाले, "अर्थात इतकं कोणी करत नाही." वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी. हसता हसता ते 'नको' आठवलं.
घरी आल्यावर फाइल उघडली नाही. लॅपटॉप तापला होता.

१८ फेब्रुवारी
उघडली. ताईने दिलेली मूळ फाइल घेतली, सगळे कॉलम सोबत हलवले.
सर्वांत कमी नापास मास्तरांचे.
शेवटच्या काही महिन्यांत आरटीओने परीक्षेचा ट्रॅक अवघड केला होता. फाइल तारखेप्रमाणे होती, म्हणून त्या वेळचे नापास तळाशी होते. मास्तरांचं नाव 'ह'पासून सुरू होतं, म्हणून सॉर्ट केल्यावर तेही तळाशी जाऊन बसलं. सगळ्यांचे नापास त्यांच्या पदरात. त्यांचा गुन्हा एवढाच की बारशाला कोणी 'अ' सुचवला नाही.
उद्या ताईला सांगणार. सकाळीच.

१९ फेब्रुवारी
ताई कामात होती. फोन केला नव्हता, पण असणारच.

२२ फेब्रुवारी
'चूक' हा शब्द फार ढोबळ आहे. 'डेटा रिव्हिजन' बरा वाटतो. आरशासमोर म्हणून पाहिला. बायकोला वाटतंय माझं पोट बिघडलंय. तसंच वाटू दिलं. मऊ भात खातोय.

१ मार्च
ताईकडे गेलो. ती बाहेर गेली होती. मास्तर टेबलाशी बसून होते. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "मला मास्तरांकडेच शिकायचंय. आमचा मुलगा त्यांच्याकडेच शिकला, पहिल्या फटक्यात पास झाला." मास्तर त्यांना म्हणाले, "माझ्याकडे नको, बाई. माझे निम्म्याहून जास्त नापास होतात. मलाच माहीत नव्हतं." आणि त्यांना आकडा सांगितला. टिंबापुढच्या आकड्यांसकट.
मला त्यांनी पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि परत आलो. हे कोणी वाचणार नाही, तरी लिहिताना कान तापलेत.

३ मार्च
ताईला सांगितलं. सुरुवात 'डेटा रिव्हिजन'ने केली. ती म्हणाली, "मराठीत सांग." सांगितलं. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. म्हणाली, "तुझं सोड. मी तुला लहानपणापासून ओळखते, तरी त्या रंगीत कागदाला बिचकले. मास्तरांना मी ओळखत नव्हते का?" मग म्हणाली, "त्यांना तू सांगायचंस. मी नाही."

४ मार्च
नवा चार्ट नेला. मास्तरांचा खांब हिरवा केला होता. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.
"छान आहे," म्हणाले. "पहिल्यापेक्षा छान. ताईंनी करायला सांगितलं असेल."
नाही म्हटलं. चूक माझी होती. एक्सेलने विचारलं होतं, मीच नको म्हटलं. सगळं सांगितलं, अगदी 'ह'सकट.
मास्तर म्हणाले, "राहू द्या हो. तुम्ही शिकलेले. तेव्हा एवढा अभ्यास करून काढलंत, वर्गात टाळ्या मिळाल्या म्हणे. आता माझं मन राखायला कमीपणा घेताय."
शपथ घेतली. तेही पटेना. कागदाची व्यवस्थित घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली.
"मला आता आठवतात ना ते नापास झालेले," म्हणाले. "रोज एकेक आठवतो. पास झालेल्यांचे चेहरे मात्र येत नाहीत समोर."

८ मार्च
ग्रेड परत करायला सरांकडे गेलो. सर म्हणाले, मार्क वर पाठवून झालेत, आता काढता येणार नाहीत. चूक मात्र त्यांना फार आवडली. पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून सांगू का, विचारलं. माझं नाव घेणार नाहीत. 'मिस्टर एक्स' म्हणतील.
ताईने मास्तरांच्या हातात पुन्हा किल्ली दिली. त्यांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

१५ मार्च
संध्याकाळी मास्तर बसस्टॉपवर दिसले. हल्ली स्वतःची गाडीही काढत नाहीत, असं ताई म्हणाली होती. थांबलो, त्यांना बसवून घेतलं.
चौकात सिग्नल पिवळा झाला. मी नेहमीसारखी गाडी दामटायला गेलो. शेजारी मास्तरांचा पाय खाडकन खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो. माझ्या गाडीत तिथे नुसती रबरी चटई.
मग मी ब्रेक मारला. गाडी बरोबर रेघेवर थांबली.
मास्तरांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "माफ करा. सवयीने झालं. मी कोण सांगणार."
सिग्नल हिरवा झाला. गाडी बंद पडली होती. घाईत क्लच विसरलो होतो, आणि आता सुरू करायला गेलो की पुन्हा आचका देऊन बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायला लागले. माझं नेमकं काय चुकतंय, ते गाडीत एकाच माणसाला माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.
मास्तर खिडकीबाहेर बघत बसले होते.