रिकामा पाळणा

सिल्वासा, ता. ४ डिसेंबर १९६४

ती. सौ. माईस शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

जानेवारीपासून माझी नेमणूक सुरंगीच्या शाळेत. सोमवारी बाळाला घेऊन जायचे, शनिवारी परतायचे. तिथल्या खोलीत विंचू निघतात, त्याला जमिनीवर निजवायला जीव धजत नाही. घडीचा पाळणा हवा. मजबूत, बसमध्ये मावणारा आणि पंचवीस रुपयांच्या आतला. शेजारच्या प्रमिलाबेन म्हणतात झोळी बांध, हे म्हणतात झोळीने पाठ वाकते. माझे डोके चालेनासे झाले आहे. तूच निवड.

धाकटीवर माया असू दे.
शैला

गिरगाव, ता. ११ डिसेंबर

चि. सौ. शैलास अनेक आशीर्वाद.

मी तुझ्याहून जास्त गोंधळले. लोखंडी पाळण्याचा रंग पोर चाटेल, वेताच्यात बोटे अडकतील. शेवटी कॅनव्हासचा घेतला, बावीस रुपयांना. दुकानदार म्हणाला, हलवून बघा. मी हात मागे घेतला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि माझ्या नानूच्या वेळी मी तो हलवला होता. तो तीन महिन्यांतच गेला. तेव्हापासून हे मनातून जात नाही. तुझे भावजी वापीला येतील, त्यांच्याबरोबर पाठवते. राहिलेले बारसे यातच कर.

बाळाला मावशीचा पापा.
माई

सिल्वासा, ता. २१ डिसेंबर

ती. सौ. माईस शि. सा. न. वि. वि.

काल बारसे झाले. आपल्या रीतीने वरवंट्याला कुंची घालून आधी त्याला पाळण्यात निजवले आणि झोका दिला. कडी सटकली, पाळणा मिटला, वरवंटा धाडकन फरशीवर. बाळ प्रमिलाबेनच्या मांडीवर हसत होते. मला रडू आवरेना. हे म्हणाले, माईंना कळवू नकोस. पण लपवून तुला काय लिहू? यांनी कडीला बोल्ट बसवला आहे. तरी त्यात बाळाला ठेववत नाही, आणि तू दिलेला पाळणा टाकवतही नाही. नाव अनंत ठेवले.

रागावू नकोस.
शैला

गिरगाव, ता. २४ डिसेंबर

चि. सौ. शैलास अनेक आशीर्वाद.

मी दुकानात हलवला असता तर तिथेच मिटला असता. नानूच्या भीतीने हात आवरला आणि तेच अनंताच्या जिवावर बेतले होते. रिकामा हलवल्याने काही होत नाही, हे अजून मला पटलेले नाही. तरी शनिवारी येते. तोवर पोर झोळीतच निजू दे, पाठीचे नंतर बघू. बोल्ट टिकतो का ते बघायला पाळणा मीच हलवीन, रिकामा, पुन्हा पुन्हा. माझा हात थांबला तर तू धर.

तुझी,
माई