मामांच्या नॅटचं कॉकपिट

११ जानेवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

आज घोटावड्याला सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी, म्हणजे एकनाथमामांनी, ट्रंकेतून एक चेपलेला खोका काढून माझ्या हातात ठेवला. नॅट लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट, सुटे भाग चिकटवून जोडायचं. मामा एअर फोर्समध्ये नॅटवर फिटर होते. अंबाल्याला असताना हे किट घेतलं, ते चाळीसेक वर्षं तसंच पडून. एक डोळा त्यांचा केव्हाच गेलाय. दुसऱ्याच्या पडद्यामागे पाणी साठतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतात, त्यावर तो टिकून आहे.

मामा म्हणाले, मनीषराव, नुस्तं चिटकवून द्या. दिसतंय तवर एकदा बघायचं हाय.

२६ जानेवारीला देतो म्हणालो. खरं तर मला दोन संध्याकाळी पुरतील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. किट उघडलं. धक्का.

कॉकपिटच नाही! एक चौकोनी ठोकळा आणि त्यावर बटाट्यासारख्या तोंडाचा पायलट. हे देऊ मी मामांना? ज्याने खऱ्या नॅटची कॉकपिटं उघडून बसवली त्या माणसाला?

निर्णय: कॉकपिट मी शून्यापासून बनवणार. मॉडेलवाले ह्याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. प्लास्टिकचा पातळ पत्रा, तार, फॉइल, झालं. आख्खं विमान तळहाताएवढं, कॉकपिट चिंचोक्याएवढं. एवढ्याशा जागेला वेळ तो किती लागणार.

वैभवी म्हणाली, बाबांनी फक्त चिकटवायला सांगितलंय. बायकोला समजावलं नाही. क्लायंटला काय हवं ते क्लायंटला कळत नसतं. आयटीत पंधरा वर्षं काढून मी एवढं एकच शिकलोय.

१५ जानेवारी, बुधवार

मामांना इंजेक्शनला नेलं. हे खातं माझ्याकडे आहे. वैभवीला हिंजवडीत ऑफिस. मेव्हणा दत्ता कंपनीत शिफ्टला, आणि त्याच्याकडे नुसती बाईक. डोळ्यात धूळ जाऊन चालत नाही. मी नेऱ्याच्या फ्लॅटमध्ये वर्क फ्रॉम होम, दाराशी कार. मग काय, मी मोकळाच, असा सगळ्यांचा समज.

वाटेत मामा नॅटची सीट कशी असायची ते सांगू लागले. थांबवलं. आठवणींवर मी काम करत नाही. माझ्याकडे पीडीएफ आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

उद्याची डेडलाइन रिव्हाइज केली. नवी तारीख: गुढीपाडवा. मुहूर्तही चांगला. उशिराचं कारण शोधून काढलं: माझ्याकडे चांगलं भिंग नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मामांचं भिंग आणलं. लाइटवालं, उत्तम आहे. त्यातून ते रोज पेपर वाचतात. सासूबाई, म्हणजे अनसूयामामी, म्हणाल्या, मंग ते काय वाचत्याल? मी म्हणालो, दोन आठवडे टीव्ही ऐका. डोळ्याला विश्रांती मिळेल. ह्यात त्यांचंच भलं आहे, पण खेड्यात हे पटवणं अवघड.

९ फेब्रुवारी, रविवार

सीटचे पट्टे झाले. गोळ्यांच्या स्ट्रिपचं फॉइल ह्या कामाला नंबर एक. वैभवीच्या थायरॉइडच्या आणि माझ्या बीपीच्या गोळ्या काढून स्टीलच्या डबीत ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या. वैभवी म्हणते, आता कुठली कुणाची ते कसं ओळखायचं? निरीक्षणशक्ती नाही, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इंजेक्शनची तारीख. पण कॉकपिटमधल्या डायलच्या पॅनेलला हिरव्या रंगाचा पहिला हात दिलाय आणि दुसरा वेळेवर दिला नाही तर डाग पडतात. हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढच्या बुधवारवर ढकलली. डोळा कुठे पळून जात नाही. पेंट मात्र वाळतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नेलं. डॉक्टर कुरकुरले. म्हणाले, एकही खाडा नको, हा डोळा गेला तर परत येणार नाही. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.  परतताना मामा म्हणाले, इमान कुठवर आलं? मी म्हणालो, ऐंशी टक्के.

पट्टे धरून पाच टक्के असेल. पण आजारी माणसाला आशा द्यावी.

१५ मार्च, शनिवार

बुधवारचं इंजेक्शन झालं. त्यात दिवस मोडला.

आज जॉयस्टिक. किटची उरलेली प्लास्टिकची काडी समईच्या ज्योतीवर तापवून ताणली की केसासारखी तार निघते. तिचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापला. परफेक्ट. तेवढ्यात जुईली आली, पप्पा मी मदत करू का म्हणाली, आणि शिंकली. जॉयस्टिक गायब.

दुपारभर फरशीवर रांगलो. जुईलीला बोललो. दहा वर्षांच्या मुलीला शिंकताना तोंडावर हात धरायचं कळू नये? ती रडून झोपली.

संध्याकाळी जॉयस्टिक माझ्या कोपराला चिकटलेली सापडली. जुईलीला सांगितलं नाही. शिस्त बिघडते.

३० मार्च, रविवार

पाडवा. विमानाशिवाय घोटावड्याला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसले होते, समोर टीपॉय मोकळा करून. बघून जरा विचित्र वाटलं. म्हणून मोबाइलवर फोटो दाखवले. मामांनी मोबाइल नाकाला टेकवला आणि विचारलं, ह्यात काय हाय? मी म्हणालो, इन्स्ट्रुमेंट पॅनेलचा तिसरा डायल. मामा म्हणाले, झ्याक हाय.

दाद द्यायला माणूस जाणकार लागतो. नवी तारीख: १ मे.

मामी भिंगाचं विचारत होत्या. पुरणपोळी छान झाल्याचं सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

डायल बसवायला घेतले. टाचणीच्या डोक्याहून लहान. माझा हात फक्त सकाळी स्थिर असतो आणि हॉस्पिटलची वेळही नेमकी सकाळची. कुठे तरी प्राधान्य ठरवावं लागतं. मामांना फोन करून सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत, आता पुढच्या महिन्यात. वैभवीलाही तेच सांगितलं. दोघांना एकच सांगितलं हे बरं. कम्युनिकेशनमध्ये सुसंगती हवी.

आणि हे सगळं चाललंय कुणासाठी? मामांसाठीच ना.

२० एप्रिल, रविवार

मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर कॉकपिटचे फोटो टाकले. बावधनच्या एकाने लिहिलं, सुंदर, पण वरची काच, म्हणजे कॅनॉपी, बसली की ह्यातलं काही दिसणार नाही. त्याला जळफळाट म्हणतात. ग्रुप सोडला.

२ मे, शुक्रवार

कालची तारीख हुकली. सीट तुटली, नवी करतोय. आता १५ ऑगस्ट. एअर फोर्सच्या माणसाला ह्याहून योग्य दिवस नाही. आधीच हे सुचायला हवं होतं.

मामांचा फोन. म्हणाले, दाराची चौकट वाकडी दिसाया लागलीया, विजेचा खांब बी मधी वाकलाय. मी म्हणालो, घर जुनं आहे, चौकट वाकलीच असेल. दत्ताला सुतार बोलवायला सांगितलं. खांबाचं वीज कंपनीकडे.

७ मे, बुधवार

नव्या सीटला पट्टे. आज उठणं शक्यच नव्हतं. मामांना फोन: हॉस्पिटलने तारीख पुढे ढकललीय. मामा म्हणाले, बरं बरं, तुमी कामाचं मानूस. समजूतदार माणूस आहे. ह्या घरात तो एकटाच.

१ जून, रविवार

कॉकपिट पूर्ण!!! सीट, पट्टे, पॅनेल, सात डायल, जॉयस्टिक. भिंगातून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वैभवीला बोलावलं. ती म्हणाली, आता चार दिवसांत जोडून देऊन टाक त्यांना. मी म्हणालो, घाईने कामं बिघडतात.

५ जून, गुरुवार

सकाळी मामांच्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. वैभवीने तारखेसाठी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, पेशंट मार्चनंतर आलेलेच नाहीत. डॉक्टर रजेवर नव्हते.

वैभवीने फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी डायलचं सांगायला लागलो, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. कॅब मागवून घोटावड्याला गेली. कॅब घोटावड्याला जाते म्हणे. हे आधी कुणी सुचवलं नाही.

७ जून, शनिवार

डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचा उपयोग नाही. उजेड आणि सावली एवढंच कळेल.

वाईट झालं. पण वयही आहे. डोळा जायचाच होता, आज ना उद्या. डॉक्टरांनीच सुरुवातीला जास्त ठामपणे सांगायला हवं होतं.

वैभवी दोन बॅगा घेऊन गेली. जुईलीही. काही दिवस तिकडे राहतो म्हणाली. किती दिवस ते म्हणाली नाही. डायनिंग टेबल मोकळं झालं. लाइट तिथे चांगला येतो.

२२ जून, रविवार

कॅनॉपी बसवली. साधा गोंद धरेना म्हणून सुपरग्लू. तासाभराने पाहिलं तर काच आतून दुधासारखी पांढरी. सुपरग्लूची वाफ बंद जागेत काचेवर बसते म्हणे. नेटवर दिलंय. आधी वाचायला वेळ मिळाला नव्हता.

बाहेरून टूथपेस्टने घासलं. तेल लावलं. पांढरं आतून आहे, तिथे बोट पोचत नाही. काढायला गेलो तर सगळं तुटेल. सीट नाही, पट्टे नाहीत, डायल नाहीत, काही दिसत नाही.

जेवलो नाही.

२३ जून, सोमवार

शांतपणे विचार केला. कॉकपिट आत आहे. मला माहीत आहे. आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना आता दिसत नाही. म्हणजे कॅनॉपीचा प्रश्न उरलेलाच नाही.

वाईट वाटलं. पण हलकंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ जुलै, शनिवार

बाहेरचा रंग झाला. वैभवीला फोटो पाठवला. पाहिल्याची खूण आली, उत्तर नाही. नेटवर्क नसेल. ब्रेड-ऑम्लेट.

संकल्प: १५ ऑगस्टला विमान देतानाच सगळ्यांना घेऊन यायचं. एकदा काम पाहिलं की विरघळतील.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

डेडलाइन पाळली. आधी तेवढं नोंदवतो.

चपलांच्या खोक्यात कापूस घालून विमान नेलं. वैभवी फाटकातच भेटली. म्हणाली, बाबांना अजून वाटतंय की तारखा हॉस्पिटलनेच दिल्या नाहीत. आम्ही कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग. मी म्हणालो, आधी विमान देऊ.

मामा ओसरीवर होते. मांडीवर भलंमोठं पॅसेंजर विमान, लाल-निळं, चायनाचं. दत्ताने पिरंगुटहून आणलंय. बटण दाबलं की इंजिन घरघरतं, मग एक बाई इंग्रजीत पट्टे बांधायला सांगते. मामा दर दोन मिनिटांनी दाबत होते आणि हसत होते. तोंड माझ्याकडे नव्हतं, माझ्या बाजूच्या भिंतीकडे होतं.

मी नॅट त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हणालो, मामा, तुमचं नॅट. आत सगळं कॉकपिट आहे. सीट, पट्टे, सात डायल.

मामांनी ते हळूच चाचपलं. पंख, शेपूट, नाक. म्हणाले, लई बारकं हाय. मग म्हणाले, मनीषराव, हेचं बटण कुटं हाय?

मी सांगायच्या आत त्यांचा अंगठा कॅनॉपीवर आला. गोल, वर आलेली. त्यांना वाटलं, हेच ते. दाबलं. कचकन आवाज झाला आणि अंगठा आत गेला.

मामा खूश होऊन म्हणाले, वाजलं की! आणखी दोनदा दाबलं. म्हणाले, येवढंच वाजतंय व्हय?

मामी म्हणाल्या, अवो फुटलं ते. मामांचा चेहरा उतरला. हात जोडले त्यांनी, भिंतीच्या दिशेने. म्हणाले, माझ्या हातनं खराबा झाला, माफ करा. मी म्हणालो, असू द्या मामा. मोठ्या मनाने म्हणालो. मांडीवर हिरव्या प्लास्टिकचा चुरा पडला होता, तो मामींनी फडक्याने पुसून घेतला.

मग मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हणाले, ह्या मानसानं लई केलं माझ्यासाठी. ऊन म्हनलं न्हाई, पाऊस म्हनलं न्हाई, गाडीत घालून न्यायचे. मनीषराव हुते म्हनून एवढे दिस तरी दिसलं. न्हाईतर कवाच अंधार झाला असता.

दत्ता खाली बघत होता. मामींनी पदर तोंडाला लावला. वैभवी सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मला काय बोलायचं होतं ते माझ्या तोंडाशी आलं होतं. आलं होतं, हे मी शपथेवर लिहीन.

मी म्हणालो, त्यात काय एवढं मामा.

वैभवीने जुईलीचा हात धरला आणि आत गेली. दार लावून घेतलं. मामांनी पुन्हा त्यांच्या विमानाचं बटण दाबलं. मी बसून राहिलो. दत्ता उठला, मामी उठल्या. चहाचं कुणी विचारलं नाही. लग्नाला तेरा वर्षं झाली, त्या घरात जावयाला चहा नाही असं कधी झालं नव्हतं. थोडा वेळ वाट पाहिली आणि निघालो.