कानामागचा पांढरा ठिपका

ताडोबा, ७ जानेवारी १९७५

सौ. कौसल्येस अनेक आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे, मफलर कानावरून काढत नाही. मधूला पुन्हा ताप आला नाही ना?

काल संध्याकाळी वाघ पाहिला! मचाणासमोर येऊन निवांत पाणी प्याला. महाराजबागेतला पिंजऱ्यात झोपलेलाच असतो. हा चालताना पाहिला. वीस वर्षं मोहरमला माणसांच्या अंगावर वाघ रंगवतो आहे, कोणी शिकवलं नाही, तरी माझे पट्टे तंतोतंत निघाले. खांद्यावर विरळ, मागे दाट. तुझा भाऊ गिरिधर म्हणाला होता ना, "भाऊजी, तुमचा वाघ तं मले मांजर दिसून राहिला!" त्याला हे वाचून दाखव.

एकच चुकत होतं. वाघ पाठमोरा झाला तेव्हा दिसलं, काळ्या कानामागे पांढराशुभ्र ठिपका असतो. नागपुरात तो आजवर कोणी काढलेला नाही.

मधूच्या टायफॉईडात तू त्याला मोहरमचा वाघ करण्याचा नवस बोललीस, म्हणून यंदा तो वाघ होणार. त्याचे कागदी कान कापून ठेव, रंगाला मात्र हात लावू नकोस. पोराला दूध देत जा, मिरवणुकीत नाचायचं आहे.

गिरिधरला त्या दिवशी मधूच्या मागे उभा कर. ठिपका तिथूनच दिसतो.

तुझा,
गोपाळ