कणगीत ठेवलेला हवेचा जोड

लिहून ठेवणार: गोटीराम बहिरू भुसारे, वय ६२, धंदा खेळाच्या बुटांची दुरुस्ती, मूळ तालुका पेठ, हल्ली राहणार पेठ रोड, नाशिक.

बूट चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने माझी छाती गेली आहे, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे कोणी धाक घालून किंवा दारू पाजून लिहून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते आणि पुन्हा करण्याइतके दिवस मला दिसत नाहीत.

१. पेठ रोडवरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. त्या मुलगा किशोर यास द्याव्यात. तो पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये असतो आणि खोल्या विकणार हे मला माहीत आहे. विकू दे. बँकेत जे असेल त्यात माझे क्रियाकर्म उरकावे.

२. मेहुणा भारत यास काहीही देऊ नये. १९९८ पासून तो मेन रोडला 'हवेचे बूट', म्हणजे तळव्यात हवेची पिशवी असलेले, म्हणून जे विकत होता, त्यांच्या टाचेतल्या खिडकीमागे हवा नव्हतीच, नुसता ठोकळा होता. त्या खिडक्या चिकटवून घ्यायचा माझ्याकडून, आणि गिऱ्हाईक भांडायला आले की बोट दाखवायचा माझ्या टपरीकडे. चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तेराव्याला आला तर जेवायला वाढावे, पण आग्रह करू नये.

३. रापी, आरी, लोखंडी पाय आणि शिकंजे ही दुरुस्तीची हत्यारेही किशोरला. भंगारात घालील. आमच्या कोकणा आदिवासी घरात हे काम कोणी केलेले नव्हते, भाऊबंदांनी नावे ठेवली, तरी १९८८ साली मी मैदानाच्या कुंपणाला टपरी लावली. हवेचे बूट या हातांनी उघडून पाहिले आहेत. आधी हवेची पिशवी तळव्यात लपलेली असे. मग कंपनीने टाचेला खिडकी पाडली, लोकांना हवा दिसू लागली, आणि दिसू लागली तसा हवेला भाव आला. ९५ च्या सुमारास चवड्याखालीही खिडकी आली. पुढे टाचेपासून बोटांपर्यंत सगळा तळवाच हवेचा झाला. पोरे पळणे सोडून बुटांकडेच बघत बसू लागली. मीही त्यांतलाच निघालो.

४. मुलगी मीना, लग्नानंतर राहणार सायखेडा. तिला काय द्यावे हे मला सुचलेले नाही, म्हणून जे घडले ते लिहून देतो.

मीना तेराव्या वर्षी अनवाणी पळून जिल्ह्यात पहिली आली. त्या साली, म्हणजे १९९५ ला, मी मुंबईहून परदेशी जोड आणला, टाचेत खिडकी असलेला. पाय वाढतील म्हणून दोन नंबर मोठा घेतला. आमच्यात नवे धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय, त्याचा दिवस आल्याशिवाय तोंडी लावत नाहीत. मी बुटांनाही तोच नियम लावला. कणसरीपुढे, म्हणजे आमच्या धान्यदेवीपुढे ठेवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि नागलीच्या कणगीत घातले. मोठी शर्यत येईल तेव्हा काढू म्हटले. दरवर्षी दिवाळीला उघडून नुसता वास घ्यायचो. पाच वर्षे पोरगी अनवाणीच जिंकत राहिली.

डिसेंबर २००० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होती, गंगापूर रोडवर दहा किलोमीटर. सकाळी मी जोड काढला. ती म्हणाली, "बा, मी अशीच पळते. बुटात पाय माझा राहत नाय."

मी म्हणालो, "पाच वर्षं देवापुढं ठेवलेत. लोकं काय म्हनतील? घाल."

तिसऱ्या किलोमीटरला डाव्या बुटाचा तळ सुटला. ती पडली, घोटा मोडला. मी धावत गेलो आणि शंभर माणसांसमोर म्हणालो, "तुझ्या पायालाच बरकत नाय. कसलाबी बूट द्या, पाय गावठी तो गावठीच!" ती पुन्हा कधी पळाली नाही. लग्नानंतर एकदाच आली, आईच्या मयताला.

२००५ साली कॉलेज रोडचा धनराज टपरीवर आला. या मुलाकडे चाळीस जोड आहेत, सगळे खोक्यात, घालायचे नाहीत, मित्रांना दाखवायचे. त्यातला एक जोड हातात देऊन रडवेला झाला. "काका, हातसुद्धा लावला नव्हता हो!" मी बोट दाबले तर तळाचा भुगा झाला. हवेची पिशवी शाबूत, भोवतालचा फोम मेलेला. मग असे जोड येतच राहिले. कोंडून ठेवला की दमट हवेने तो फोम आतून कुजतो, पायाचा दाब पडत राहिला तर जास्त टिकतो. सगळ्या नाशिकचे तळ चिकटवणाऱ्या मला हे पाच वर्षे उशिरा कळले. दोष पायाचा नव्हता, माझ्या जपण्याचा होता. तिला हे ठाऊक नाही.

गेल्या वर्षी सांगायला सायखेड्याला गेलो. तिने पाणी दिले. "काय काम काढलं, बा?"

"इकडं आलतो. म्हनलं पाहून जावं."

"पाहिलं ना?" म्हणाली. मी परत आलो. माझ्यासारखा भित्रा बाप वैऱ्यालाही मिळू नये.

५. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून धनराजला फक्त सांगणे देतो: घाल, बाबा. झिजू दे.

पुरवणी, आजचीच. सही करण्याआधी शेजारच्या चहावाल्या साधनाबाई यांनी मला न विचारता सायखेड्याला फोन लावला आणि कलम ४ वाचून दाखवले. फोन मोठ्या आवाजावर होता. मीना बोलली ते जसेच्या तसे:

"मावशी, ते खोडायला सांगा. मला ठाऊक होतं. नाडी बांधतानाच बोटाला तळाचा भुगा लागला. सांगितलं असतं तं बा म्हनले असते, पोरगी भेली. आन् लय हौसेनं ठेवले व्हते त्यांनी. मंग घातले."

साधनाबाईंनी विचारले, "येतेस का गं, एकदा?"

"नाय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

सबब कलम ४ मधील "तिला हे ठाऊक नाही" हे शब्द रद्द समजावेत. त्या जागी "तिला आधीच ठाऊक होते, तिने माझ्यासाठी घातले" असे वाचावे. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: नाशिक. तारीख: १४ नोव्हेंबर २००८.

सही: गोटीराम बहिरू भुसारे

आमच्यासमोर सही केली, सही त्यांचीच आहे:
१. धनराज देवराम शिंदे, कॉलेज रोड
२. साधना सोमा गायकवाड, पेठ रोड